कोपऱ्यातला हात

कोपरखैरणे, माथाडींच्या घरांमागचं वाचनालय.
मुलं यायची होती चारला, मी पोचले सव्वातीनला,
म्हणून बालविभागाच्या कपाटाशी
उगाच उभी राहिले.

खालच्या फळीवर, फाटक्या नकाशाखाली दबलेलं
माझंच पुस्तक.
उंदरांची नगरपालिका. दोन अंकी, सचित्र.
पाठीला खाकी चिकटपट्टी,
आणि वाळवीची एक अरुंद गल्ली
महापौरांच्या शेपटीतून निघून
थेट पान बावीसपर्यंत गेलेली.

सव्वीस वर्षं झाली.
तेव्हा पैसे पानामागे मिळायचे
आणि लेखक संवादांपेक्षा कंसच जास्त लिहायचे.
(दचकून.) (मिशा पुसत.) (टोपलीत शिरून, फक्त शेपूट बाहेर.)
कंसातलं सगळं माझ्या वाट्याला.
(एक क्षण शांतता), हे कसं काढू?
पीसीओवरून फोन करून विचारलं होतं मी.
ते म्हणाले, बाई, ते राहू द्या,
ते मुलं करतील.

पात्रपरिचय उघडला तर जागाच नाही.
महापौर: रुपेश चिकणे. खोडलेलं.
वैदेही सपकाळ. खोडलेलं.
त्यावर दाबून, कागद फाटेल इतकं दाबून: मीच.
पाणीखात्याचा उंदीर दरवर्षी नवा.
मांजर मात्र चार वर्षं एकटी अंकिता ढेबे,
पाचव्या वर्षी तिच्या नावापुढे
सातारला गेली.

समासात बारीक अक्षरं:
इथे थांब, लोक हसतात.
(रडत) पुढे: खरंखुरं रडू नको, मागच्या वेळेसारखं.
दुसऱ्या अंकाच्या डोक्यावर
एक कंस, जो लेखकाचा नव्हता, माझा तर नव्हताच:
(सगळे शिंकतात.)

पुष्पलताबाई चहा घेऊन आल्या, त्यांना विचारलं.
अहो, पडदा बारदानाचा होता ना!
मार्केटातून गोण्या यायच्या कुणाकुणाच्या वडलांच्या खांद्यावरून,
आया शिवायच्या.
उघडला की कांद्याची सालं अर्ध्या स्टेजभर
आणि पहिल्या रांगेपर्यंत शिंका.
थांबवता येईनात, म्हणून
नाटकातच घेतल्या.

मग शेवटचं पान.
तिथे मजकूर तीन ओळींत संपला होता,
प्रकाशकांना मोकळी जागा दिसली की पैसे बुडाल्यासारखं वाटे,
म्हणून उजव्या कोपऱ्यात मी एक हात काढला होता.
नुसता हात, मनगटापर्यंत, दोरी ओढणारा.
धड उंदराचा नाही, धड माणसाचा नाही,
जेवणाआधी उरकलेला,
अंगठा चुकलेला.
यादीत त्याचं नाव नव्हतं.
त्याला वाक्य नव्हतं, कंससुद्धा नव्हता.

त्या हाताला चिकटून:
हा मी आहे. संकेत ग. पोळ, पाचवी ब.
खाली हिरव्या शाईत: या वर्षी मी. दीक्षा.
खाली: दोरी डावीकडे अडकते, आधी मेणबत्ती घास.
खाली: पडदा जड झालाय, दोघं लागतात. मी आणि इरफान.
खाली नुसतीच नावं, उतरत, पानाच्या कडेवरून वळून
मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला गेलेली.
अकरा मोजली. बारावं पुसट,
शिक्क्याखाली गेलेलं.

महापौरांच्या एकेका मिशीवर
मी तेव्हा आख्खी संध्याकाळ घालवली होती.

पर्समध्ये पेन्सिल होती, टोक केलेली.
अंगठा दुरुस्त करायला दोन रेघा पुरल्या असत्या,
हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू.
पण संकेतचा स
त्या चुकलेल्या अंगठ्यालाच टेकून सुरू होतो,
भिंतीला सायकल लावून ठेवावी तसा.

बाहेर चपला काढल्याचे आवाज,
कुणी कुणाला ढकललं, कुणी ओरडलं.
पुष्पलताबाईंनी दाराचा पडदा, साधा फुलाफुलांचा,
बाजूला सारला.
मी पहिल्यांदाच नीट बघितलं,
अंगठा कुठे येतो ते.